रंग शेवटी बघा : बीडच्या माळावरचा पक्षी कसा ओळखाल?

वाचकांचे फोटो येतात ते बहुतेक आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासारकडून. मोबाइल पूर्ण ताणून काढलेला, धुरकट, मधोमध एक तपकिरी ठिपका. खाली एकच प्रश्न असतो : "माळढोक आहे ना?" उत्तर जवळजवळ दर वेळी "नाही" असतं आणि विचारणारा हिरमुसतो. दुसरा नेहमीचा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर येतो : "पेर्ते व्हा ओरडतो तो चातकच ना?" तोही नाही.

गोंधळ होतो त्याचं कारण साधं आहे. आपण पक्ष्याचा रंग आधी बघतो, तो मनात धरतो आणि मग पुस्तकात किंवा मोबाइलवर तसा रंग शोधत बसतो. पण माळावरचे निम्मे पक्षी मातीच्याच रंगाचे असतात. तिथे रंगावरून काही ठरत नाही. ठरतं ते जागेवरून, महिन्यावरून आणि चालीवरून.

पुस्तक उघडण्याआधी ही नोंद करा

- जागा कोणती? मुरमाड माळ, ज्वारीचं वावर, पाझर तलावाचा काठ, घाटातली झाडी की गावातला वड?
- महिना कोणता, वेळ कोणती?
- आकार केवढा? चिमणी, साळुंकी, कावळा, घार, मोर या पाच ओळखीच्या मापांशी तुलना करा. इंच-सेंटिमीटरचा अंदाज हमखास चुकतो.
- काय करत होता? पळत होता, टुणटुण उड्या मारत होता, जमिनीला लागून तरंगत होता की तारेवर बसला होता?
- आवाज कसा होता? मराठी अक्षरांत लिहून ठेवा, हास्यास्पद वाटला तरी.
- चोच, पाय, शेपूट आणि मग रंग.

ही नोंद पक्षी समोर असतानाच करा. घरी जाऊन आठवून लिहिलेल्या वर्णनात फोटो बघून पक्के झालेले रंग हळूच शिरतात.

बीड जिल्हा म्हणजे एकच मुलूख नव्हे

जिल्ह्याची नीट विभागणी केली, की अर्धी ओळख तिथेच होते. पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे बालाघाटचं पठार. पर्जन्यछायेतला कोरडा, मुरमाड, कुसळीच्या गवताचा माळ. इथे चंडोल, धाविक, पखुर्डी, माळटिटवी आणि हिवाळ्यात भोवत्या. सौताडा, कपिलधार, धारूरचा घाट, अंबाजोगाईच्या भोवतालचे डोंगर हा झुडपी जंगलाचा भाग. तिथे मोर, पावशा, नाचण आणि कड्याच्या कपारीत शृंगी घुबड. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे गोदावरी आणि सिंदफणा, माजलगावचं धरण, दक्षिणेला केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण, शिवाय गावोगावचे तलाव. तिथे शेकाट्या, चित्रबलाक आणि थंडीत चक्रवाक. पैठणच्या नाथसागराला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे उतरणारे हिवाळी पाहुणे गेवराईच्या बाजूला दिसले तर त्यात नवल नाही.

टिटवीचंच बघा. डोळ्यापुढे लाल गाठ असलेली टिटवी पाण्याजवळ, ओलिताच्या रानात असते. पिवळी गाठ लोंबणारी माळटिटवी कोरड्या, उघड्या बरडावर असते. दोघींचा आरडाओरडा वेगळा, पण त्याआधी पायाखालची जमीनच सांगते की तुम्ही कुणाच्या हद्दीत उभे आहात. (टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, हा अंदाज गावोगाव सांगतात. पेरणीसाठी मात्र हवामान खात्याचाच अंदाज धरा.)

माळढोक समजून कोणकोणते फोटो येतात?

आशा अगदी निराधार नाही. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते पुष्कळ कमी केलं गेलं. त्यातलं कर्जत आष्टीला लागून आहे. तेव्हा बीडचा पश्चिम माळ हा माळढोकाच्या जुन्या मुलखाचा शेजार. पण आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. २०११ पासून तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. म्हणून "माळढोक नसेलच" असं धरून सुरुवात करा आणि मग पुरावा तुम्हाला हलवतो का ते बघा.

खरा माळढोक सुमारे मीटरभर उंच असतो. नर दहा-बारा किलोच्या घरात जातो. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, पाठ तपकिरी, पाय लांब आणि फिकट पिवळसर. मान किंचित वर धरून तो सावकाश, तोऱ्यात चालतो. सगळ्यात उपयोगी खूण पायात आहे : त्याला मागचं बोट नसतं, त्यामुळे फांदी पकडता येत नाही. झाडावर बसलेला पक्षी माळढोक नव्हे. एवढ्या एका वाक्यात अर्धे फोटो निकालात निघतात.

उरलेल्यांत हे सापडतात :

- कांडेसर. करकोच्याच्या जातीचा. अंग काळं चकचकीत, मान कापसासारखी पांढरी, पाय लाल. तलावाकाठी, ओल्या शेतात असतो आणि झाडावर बसतो. मान पांढरी दिसली की लोक फसतात.
- लांडोर. लांबून, उन्हात, मान ताणून उभी असेल तर हमखास घोटाळा. मानेवरची हिरवी झाक आणि डोक्यावरचा छोटा तुरा शोधा.
- करवानक. हा तर कोंबडीएवढाही नाही. पण माळावर एकटाच, निश्चल, मोठाले पिवळे डोळे वटारून बसलेला असतो. शेजारी मापाला काही नसलं की मोठा भासतो. दिवसा झुडपाच्या सावलीत आणि रात्री आवाजावरून सापडतो.
- पाळलेली टर्की. हसू नका, येतात फोटो.

या सगळ्या चाळणीतून पक्षी खरंच पार पडला, तर फोटो समाजमाध्यमावर टाकू नका. थेट वन विभागाला कळवा. पक्षी बघायला गाड्या घेऊन येणारी गर्दी माळढोकाला कुत्र्यांइतकीच घातक असते.

तुरेवाला चंडोल : इथे फक्त मुलूखच निकाल देतो

नांगरटीत किंवा वाटेच्या मुरमावर डोक्यावर टोकदार तुरा असलेला, चिमणीएवढा तपकिरी पक्षी तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. भारतात असे तुरेवाले चंडोल तीन आहेत आणि तिघेही एकमेकांसारखे. एक उत्तर आणि वायव्य भारतातला. दुसरा मलबारी चंडोल, सह्याद्री आणि किनारपट्टीकडचा, ओलाव्याच्या मुलखातला. तिसरा साइक्सचा चंडोल, दख्खनच्या कोरड्या पठारावरचा. भारताबाहेर तो कुठेच नाही.

बीडमध्ये तुरेवाला चंडोल दिसला की तो जवळजवळ नेहमी साइक्सचाच. खात्री करायची असेल तर पोट बघा. याचं पोट तांबूस, त्यावर रेघा नाहीत आणि छातीवर बारीक, फिकट रेघा. मलबारीच्या छातीवर ठळक, दाट रेघोट्या असतात आणि पोट पांढरट. पुणे-नाशिककडे दोघांचे मुलूख एकमेकांत शिरतात, तिथे खरी पंचाईत होते. तुम्हाला ती नाही. हा गाणारा पक्षी आहे आणि गाताना इतर पक्ष्यांच्या नकला बेमालूम करतो. आवाज टिटवीचा आणि समोर टिटवी नाही, असं झालं तर वर आकाशात बघा.

ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते विल्यम हेन्री साइक्स कंपनी सरकारचे लष्करी अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर असताना त्यांनी इथल्या पक्ष्यांची यादी केली आणि ती १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. म्हणजे तुमच्या बांधावरच्या या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन होऊन दोनशे वर्षं होत आली. गवताच्या माळाला 'पडीक' म्हणून त्यावर झाडं लावायची हौस मात्र अजून सुटलेली नाही. झाडांत हा पक्षी राहत नाही.

पावशा, शिक्रा आणि चातक

मे-जूनमध्ये "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" असा चढत जाणारा आवाज येतो तो पावशाचा. रात्रीही ओरडतो. दिसायला मात्र तो हुबेहूब शिक्रा : करडी पाठ, छातीपोटावर तांबूस आडवे पट्टे, शेपटीवर पट्टे. उडाला की लहान पक्षी घाबरतात, त्यामुळे बघणाराही फसतो. फरक असा :

- शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी वाकलेली, पावशाची सरळसोट.
- पावशाच्या डोळ्याभोवती पिवळी कड असते. शिक्र्याच्या नसते.
- शिक्रा उघड्यावर, खांबावर, फांदीवर ताठ बसतो. पावशा पानांत दडतो. आवाज येतो पण पक्षी दिसत नाही, तर तो पावशाच समजा.
- पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. सातभाईंचा थवा एका भल्या मोठ्या पिल्लाला भरवताना दिसला तर ते पावशाचं असण्याची शक्यता आहे.

चातक तिसराच. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर काळा तुरा, उडताना पंखात पांढरा ठिपका. आपल्याकडे येणारे चातक पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येतात. त्यांचं "पिऊ, पिऊ, पी-पी-पिऊ" वेगळं आणि धातूसारखं खणखणीत. काळा-पांढरा तुरेवाला पक्षी जूनमध्ये बाभळीवर दिसला की दुसरा विचार करू नका.

मोर गेले आणि लांडोरीच उरल्या?

पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. दिवाळीच्या सुमारास तिथे जाऊन आलेले वाचक तक्रार करतात की मोर दिसलेच नाहीत, नुसत्या लांडोरी होत्या. मोर तिथेच असतात, त्यांचा पिसारा नसतो. पावसाळा सरता सरता नर पिसारा गाळतो आणि तो पुन्हा पूर्ण भरायला उन्हाळा उजाडतो. पिसारा बघायचा तर जून ते ऑगस्टमध्ये जा आणि पहाटे जा.

बिनपिसाऱ्याचा नर ओळखणं अवघड नाही. मान गडद निळी, खांद्याजवळच्या पंखावर काळ्या-पिवळट बारीक आडव्या रेघा आणि उडताना पंखांची टोकं विटकरी. लांडोरीची मान हिरवट, पंख साधे तपकिरी. वर्षभराचा तरुण नर लांडोरीसारखाच वाटतो, पण उडाला की विटकरी पंख त्याची ओळख पटवून देतात.

मोर जवळजवळ सगळ्या भारतात आहे, म्हणून तो कुठेही राहतो असं नाही. त्याला दिवसा लपायला काटेरी झुडूप आणि ओढ्याची घळ लागते, पाणी जवळ लागतं आणि रात्री बसायला उंच झाड. तुमच्या शिवारातले मोर कमी झाले असतील तर या तिन्हींपैकी काय गेलं ते आधी तपासा.

थोडक्यात आणखी काही जोड्या

- तित्तिर आणि लावा. कोंबडीच्या पिल्लाएवढे लावे, त्यांच्या दुप्पट तित्तिर. साधा तित्तिर झुडपी माळावर. पोटावर पांढरे टपोरे ठिपके असलेला रंगीत तित्तिर उसात, गवतात, पावसाळ्यात ओरडणारा. लाव्यासारखाच दिसणारा दुर्लाव मात्र लावाच नव्हे : त्याला तीनच बोटं असतात, मादी नरापेक्षा भडक असते आणि अंडी नर उबवतो.
- हरियाल आणि पोपट. फळं लगडलेल्या वडा-पिंपळावर हिरवा-पिवळा, जाडसर, पिवळ्या पायांचा पक्षी दिसला तर तो हरियाल, कबुतराच्या कुळातला. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हाच. जमिनीवर क्वचितच उतरतो.
- भोरड्या आणि साळुंक्या. ज्वारीवर ढगासारखे उतरणारे, काळ्या डोक्याचे, गुलाबी अंगाचे थवे भोरड्यांचे. मध्य आशियाच्या बाजूने ऑगस्टच्या सुमारास येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. पहिल्या वर्षीची पिल्लं मातकट रंगाची, म्हणून ओळख चुकते. दाणे खातात हे खरं, टोळ आणि नाकतोडेही खातात हेही खरं.
- भोवत्या आणि कापशी. दोन्ही करड्या-पांढऱ्या. कापशी एका जागी पंख फडफडवत हवेत थांबते आणि वर्षभर असते. भोवत्या पिकावरून जेमतेम पुरुषभर उंचीने तरंगत जातो आणि ऑक्टोबर ते मार्चच दिसतो.

मोबाइल ॲप वापरताना

मर्लिन आणि ई-बर्ड ही दोन्ही ॲप फुकट आहेत आणि चांगली आहेत. मर्लिनला फोटो दाखवता येतो, आवाजही ऐकवता येतो. पण त्याला ठिकाण आणि तारीख खरी द्या. ठिकाण न देता विचारलंत तर ते भलत्याच मुलखातला पक्षी सुचवतं आणि आपण "दुर्मीळ पक्षी बीडमध्ये" म्हणून बातमी देऊन मोकळे होतो. आवाजावरची ओळख नकलाकार पक्ष्यांपुढे चकते. साइक्सच्या चंडोलासमोर ती पार गोंधळते. ॲपचं उत्तर हा अंदाज समजा आणि जागा, महिना, चाल या तिन्हींशी ते जुळतं का बघा. एक जरी जुळलं नाही तर नोंद 'अनिश्चित' ठेवा. यात कमीपणा काही नाही.

ॲपमधून आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणं टाळा, विणीच्या काळात तर नक्कीच.

काय करू नये, आणि कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली मोठी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तुमच्या कामापुरतं त्यातलं एवढं लक्षात ठेवा :

- 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही शिकारीतच मोडतं. फोटोसाठी घरट्यापुढची फांदी तोडणारे इथे अडकू शकतात.
- मोर आणि माळढोक पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.
- पिंजऱ्यातला देशी पोपट बेकायदा आहे, "लहानपणापासून वाढवलाय" असं म्हटलं तरी.
- आपोआप गळलेलं मोरपीस उचलायला हरकत नाही. उपटलेलं पीस हा गुन्ह्याचा पुरावा.
- जखमी रानपक्षी तुम्ही घरी आणलात तर ४८ तासांच्या आत वन विभागाला किंवा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

जखमी पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, दूध-पाव तर अजिबात नको. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६. जमिनीवर बसलेलं, पिसं फुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा जखमी नसतंच. ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. मांजर-कुत्रं लांब ठेवा आणि निघा.

पडक्या वाड्यात किंवा विहिरीत पांढऱ्या, बदामी तोंडाची 'विचित्र प्राण्याची' पिल्लं सापडली तर ती गव्हाणी घुबडाची. व्हिडिओ करून गावभर फिरवू नका. ती उंदीर खातात आणि तुमचंच धान्य वाचवतात.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. कीटकनाशक चोळलेलं बियाणं मातीबाहेर उघडं राहिलं की मोर आणि तित्तिर तेच वेचून मरतात. विष घालायचा तुमचा हेतू नसला तरी मोर मेला की चौकशी तुमच्याच बांधावर येते. पेरणीनंतर सांडलेलं बी गोळा करा, निदान मातीआड करा.

तुमची नोंद कुठे जावी?

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ग्रामपंचायतीत ती मागा. गावातल्या पक्ष्यांचं पान उघडून बघा. त्यात नुसतं 'मोर, चिमणी, कावळा, पोपट' लिहिलेलं असेल तर तुमच्या वर्षभराच्या नोंदी तारीख आणि जागेसकट समितीला लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. उद्या गायरानावर एखादा प्रकल्प आला तर त्या माळावर धाविक आणि चंडोल वीण करतात हे सांगणारा गावाचा स्वतःचा कागद हाताशी असेल.

फोटो पाठवणं थांबवू नका. फक्त पुढच्या वेळी फोटोखाली गाव, महिना, जमीन कशी होती आणि पक्षी काय करत होता हे चार शब्द लिहा. रंग फोटोत दिसतोच.